जितेपणीचा फोटो

आकाराम फाळक्याच्या वडिलांचा एकच फोटो होता. त्यात ते मेलेले होते.

कोरेगावपासून दोन कोसांवरच्या त्या गावात फोटोची रीतच तशी होती. माणूस गेलं की कोरेगावला नाथाजी फोटोवाल्याकडं सांगावा जायचा. तो सायकलला स्टँड बांधून यायचा. तोवर गेलेल्याला आंघोळ घालून, पटका बांधून अंगणात खुर्चीत बसवलेलं असायचं. मान कलू नये म्हणून घरातलं कुणीतरी मागून डोकं धरायचं. धरणाऱ्यावर चादर टाकायची. मग नाथाजी काळ्या कापडात डोकं घालायचा आणि सवयीनं म्हणायचा, "हलू नका."

जित्या माणसाचा फोटो काढावा एवढा पैसा कुणाकडं नव्हता, सवडही नव्हती. मेल्यावर मात्र तोंड राहिलं पाहिजे असं सगळ्यांना वाटायचं.

वडील गेले तेव्हा आकाराम शाळकरी होता. चादरीखाली लालासाहेब होता, त्याचा थोरला भाऊ. फोटो चौकटीत बसून सोप्यात लागला. वडिलांचे डोळे अर्धे मिटलेले. खांद्यामागे पांढरा उंचवटा. तो उंचवटा म्हणजे लालासाहेब. आकाराम जेवायला बसला की नेमका तो समोर यायचा. घास फिरायचा. आई म्हणायची, तिकडं बघू नगंस, जेव.

पुढं आकारामनं कॅमेरा घेतला, तो ह्या उंचवट्यामुळं घेतला की काय, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

साताऱ्याला तो टर्नरचं काम शिकला आणि कुपवाडच्या एका कारखान्यात लागला. सांगलीत खणभागात दोन खोल्या घेतल्या. लग्न झालं. बायकोचं नाव शालूबाई. कारखान्यातला एक साहेब बदलून चालला होता, त्याच्याकडून आकारामनं जुना जर्मन कॅमेरा घेतला. घेतला तेव्हा वाटलं, खर्च झाला तो झाला. खरा खर्च नंतर सुरू झाला. फिल्म महाग, कागद महाग, फिल्म धुवायची औषधं महाग. परदेशी माल तर दुकानात दिसायचाच नाही. शालूबाईनं भांडण केलं नाही. तिनं एकच अट घातली. पगारातला एक पैसा त्या पेटीत जाता कामा नये.

आकारामनं अट पाळली. कशी पाळली, तेच त्याचं आयुष्य झालं.

कोल्हापूरला सिनेमाच्या शूटिंगमधून उरलेल्या फिल्मचे तुकडे मिळायचे. मोठ्या चकतीवर गुंडाळलेले, स्वस्त. आकाराम ते आणायचा. मोरीच्या फटी गोणपाटानं बुजवून रविवारी सकाळी आत बसायचा. दाराच्या चौकटीला दोन खिळे ठोकले होते. एका खिळ्यापासून दुसऱ्यापर्यंत फिल्म ताणली की एका रोलची लांबी व्हायची. काळोखात बोटांनी खिळे चाचपायचे, कापायचं, डबीत गुंडाळायचं. गुंडाळायची दांडी त्यानं स्वतः लेथवर केली होती. हे रोल तो सांगलीच्या छायाचित्र मंडळातल्या लोकांना विकायचा. मिरजेचे डॉक्टर, कॉलेजातले मास्तर, साताऱ्याहून गाडीनं येणारे दोघे-चौघे. सगळे त्याच्यासारखेच नादी. त्यांना दुकानापेक्षा स्वस्त पडायचं. आणि जे सुटायचं त्यात आकारामचा स्वतःचा शौक भागायचा.

मंडळाचे प्रमुख अण्णा, निवृत्त चित्रकला शिक्षक. त्याला पाहिलं की म्हणायचे, "आला बघा. फोटो हा काढतो आणि पैसे आपण भरतो." लोक हसायचे. आकारामही हसायचा. खरंच होतं ते.

ह्या धंद्याची एक मेख होती. नफा फिल्ममध्ये नव्हता, डबीत होता. रिकामी डबी गिऱ्हाइकानं परत द्यायची, आकारामनं ती पुन्हा भरायची. डबी जपायची तर तिचं टोपण उचकटायचं नाही. आता बाजारचा रोल वापरून झाला की फिल्म उलटी फिरवतात आणि तिची जीभ, म्हणजे बाहेर लोंबणारं टोक, डबीच्या आत जातं. जीभ आत म्हणजे रोल वापरलेला. पण आत गेलेली जीभ काढायला टोपण उचकटावं लागतं, आणि उचकटलेल्या टोपणातून पुढं उजेड शिरतो. म्हणून आकाराम फिल्म फिरवताना कान देऊन ऐकायचा. बारीक खट्ट झालं की थांबायचा. जीभ बाहेरच राहायची. मग वापरलेला कोणता आणि नवा कोणता, हे कळायला तो जिभेला घडी घालायचा. दुमडलेली जीभ म्हणजे काम झालेलं. सरळ जीभ म्हणजे कोरा. मंडळातल्या सगळ्यांना त्यानं हेच शिकवलं होतं. शालूबाईलाही. दुमडलेले रोल ॲल्युमिनियमच्या डब्यात, सरळ ते बिस्किटाच्या डब्यात. घर आवरताना तिच्या हातून कधी चूक झाली नाही.

आकारामनं हजारांनी फोटो काढले असतील. कृष्णेचा घाट, हळदीच्या पेवांवरची माणसं, उसाच्या गाड्या. आईचा काढला नव्हता. गावी जाताना कॅमेरा गळ्यात असायचा. आई विचारायची नाही, नुसती बघायची. तो म्हणायचा, रोल संपलाय. रोल खरंच संपलेला असायचा. नाहीतर त्यात दोन-तीन फोटो उरलेले असायचे आणि ते परतीच्या वाटेवर कुठं उजेड चांगला पडला तर, म्हणून राखलेले असायचे.

त्या वर्षी, चौऱ्याहत्तरच्या थंडीत, आईनंच विषय काढला. ती उंबऱ्यावर बसली होती. हरणाबाई तिचं नाव. गावात सगळे तिला म्हातारी म्हणायचे, पण केस अजून काळे होते.

"तुज्याकडं ती पेटी हाय न्हवं?"

"हाय की."

"मग मला काढ. जिती काढ. डोळं उगडं हायती तवर." मग ती सोप्यातल्या भिंतीकडं न बघता म्हणाली, "मेल्यावर मला खुर्चीत बशिवायचं न्हाई. तुज्या बाची मान लालासाबानं धरली. माजी कुणी धरायची न्हाई. तसं कबूल कर."

आकारामनं कबूल केलं. त्या दिवशी पिशवीत एक अख्खा कोरा रोल होता. तो त्यानं कॅमेऱ्यात घातला. आई उंबऱ्यावर, मागं सोप्यातला काळोख, तोंडावर अंगणाचा उजेड. त्यानं डोळा लावला तर आई दगडासारखी बसलेली. पापणीसुद्धा लवत नव्हती.

तो म्हणाला, "आई, बोल कायतरी. हल जरा."

"हलू नका म्हनत्यात न्हवं?" ती ओठ न हलवता म्हणाली.

तो हसला. मग तीही हसली. त्यानं सगळा रोल तिच्यावर संपवला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मोजमाप केलं नाही. ती त्याच्याकडं बघत होती. काचेकडं नव्हे, काचेतून पलीकडं त्याच्याकडं.

रोल काढल्यावर तिनं तो हातात मागितला. वजन बघितलं. "ह्यात हाय व्हय मी?"

तो म्हणाला, हो. आणि सवयीनं जिभेला घडी घातली.

तिनं डबी परत ओढून घेतली. "घडी नगं घालूस. माज्या तोंडावर पडंल." लुगड्याची चुणी मोडावी तशी तिनं अंगठ्यानं ती घडी मोडली. पुन्हा पुन्हा अंगठा फिरवला. आकारामनं समजावलं, तिथं फोटो नसतो, ते टोक रिकामंच असतं. ती म्हणाली, तुला काय ठावं. जीभ सरळ झाली. त्यानं रोल सदऱ्याच्या खिशात टाकला. ह्याला घडी कशाला, हा काय आपण विसरणार आहोत, असं त्याला वाटलं.

सांगलीला पोचला आणि सदरा बदलून थेट पहिल्या पाळीला गेला. शालूबाईनं सदरा धुवायला काढला. खिशात डबी लागली. जीभ सरळ होती. तिनं ती बिस्किटाच्या डब्यात ठेवली.

पुढच्या रविवारी मंडळाची बैठक होती. बिस्किटाचा डबा रिकामा झाला.

आकारामला पत्ता नव्हता. औषध एकदा कालवलं की बरेच रोल त्यात धुऊन निघतात, म्हणून तो ॲल्युमिनियमचा डबा भरेपर्यंत थांबायचा. काटकसरच ती. घडी मोडल्याचं विसरून, आईचा रोल शालूबाईनं सदऱ्यातून काढून त्या डब्यात ठेवला असणार असं धरून तो चालला होता. सांजेला डब्याकडं बघून शालूबाईला म्हणायचा, ह्यात आई हाय.

पौषात कारखान्यात तार आली.

तो गाडीनं कोरेगावला उतरला आणि चालत गावात आला, तर अंगणात खुर्ची मांडलेली होती. नाथाजी स्टँडचे पाय फाकवत होता. आई आत होती, तिची आंघोळ झाली होती. लालासाहेबाच्या खांद्यावर घडी केलेली चादर होती. लष्करातून परत आल्यापासून लालासाहेब कमी बोलायचा. नुसतं म्हणाला, "लवकर बरा आलास."

आकाराम म्हणाला, "खुर्ची काढ, दादा."

"का?"

"तिनं माज्याकडनं कबूल करून घेतलंय. बशिवायचं न्हाई."

"आन् फोटो?"

"माज्याकडं हाय. जिता हाय."

लालासाहेबानं त्याच्याकडं बघितलं. मग खांद्यावरची चादर खाली ठेवली आणि नाथाजीला माघारी जायला सांगितलं. स्टँड मिटताना त्यानं आकारामला एकदा आदरानं नमस्कार केला, धंद्यातला माणूस धंद्यातल्या माणसाला करतो तसा. आईला आडवीच नेली.

तिसऱ्या दिवशी राख सावडून दोघं भाऊ माहुलीला गेले. कृष्णा आणि वेण्णा मिळतात तिथं. सकाळची वेळ होती. थंडी होती. पाण्यावर वाफ होती. लालासाहेब मडकं घेऊन पुढं, आकाराम मागं, कमरेएवढ्या पाण्यात. तेवढ्यात आकारामला घाटाच्या वरच्या अंगाला, देवळापाशी, कॅमेरा घेतलेला एक माणूस दिसला. पाठीमागून ऊन होतं, चेहरा दिसला नाही. आकारामच्या मनात आलं, उजेड सुरेख आहे, हा पाण्यासाठी उजेड मोजेल आणि देवळाचं दार काळं येईल. आईची राख समोर भावाच्या हातांत होती आणि त्याच्या मनात हे आलं. पाठोपाठ दुसरं आलं. हा साताऱ्याचा, म्हणजे मंडळातलाच असायचा. ओळख निघाली तर बोलावं लागेल.

त्यानं तोंड फिरवलं.

राख सोडली आणि तो तसाच सांगलीला निघाला. दहाव्याला फोटो न्यायचा होता. लालासाहेबानं वडिलांच्या शेजारी खिळा ठोकूनही ठेवला होता. आकारामनं औषध कालवलं आणि ॲल्युमिनियमच्या डब्यातले सगळे रोल धुतले. एकेक ओली पट्टी मोरीच्या दाराशी उजेडात धरून बघितली. घाट. हळद. बैल. पुन्हा घाट. शेवटची पट्टी बघून झाल्यावर तो खाली बसला.

त्यानं शालूबाईला विचारलं. तिनं आठवून सांगितलं, सदऱ्याच्या खिशात एक डबी लागली होती. जीभ सरळ होती, म्हणून सरळ्यांत ठेवली. सांगता सांगता तिच्या ध्यानात आलं. आकारामला तिला दोष देता येईना. तिनं त्याचाच नियम पाळला होता.

मग तो दारोदार फिरला. मिरजेला डॉक्टरांकडं, मास्तरांकडं, शेवटी साताऱ्याला. आणि इथं त्यानं ती गोष्ट केली जी त्याला पुढं झोपू देईना. त्यानं खरं सांगितलं नाही. वापरलेला रोल कोरा म्हणून विकला, हे एकदा बाहेर पडलं असतं तर त्याच्याकडून पुन्हा कुणी रोल घेतला नसता. तो म्हणाला, त्या खेपेची फिल्म जुनी निघाली, वापरली नसेल तर परत द्या, बदलून देतो. ज्यांनी वापरली होती त्यांना विचारलं, ठीक आली का? सगळे म्हणाले, ठीक आली. साताऱ्याचा मधुकर शिधये विमा कंपनीत होता. त्यानं दार अर्धंच उघडलं. त्याचा चेहरा उतरलेला होता. तोही म्हणाला, "ठीक आली की. काही तक्रार नाही."

परत मिळालेले सगळे रोल आकारामनं धुतले. चांगला कोरा माल. एकेक पट्टी स्वच्छ काचेसारखी निघाली. तो काचेतून पलीकडं बघत राहिला. पलीकडं मोरीची भिंत होती.

दहाव्याला कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, म्हातारी समाधानानं गेली. आकारामला ते ऐकवेना. सगळे पांगल्यावर त्यानं भावाला खरं काय ते सांगितलं. फक्त भावाला.

लालासाहेबानं नदीकडं बघितलं. मग म्हणाला, "म्हंजी तू आई इकलीस."

आवाज चढवला नाही. शिवी दिली नाही. खिळा तसाच राहू दिला.

त्यानंतर आकाराम रोल भरायला मोरीत बसला की त्याचे हात थांबायचे. काळोखात खिळे चाचपताना वाटायचं, हाताखालच्या ह्या लांब फिल्मवर कुठंतरी आई असेल. इतक्या लोकांच्या कॅमेऱ्यांतून कुठंकुठं फिरत असेल. कुणाच्या बारशात, कुणाच्या सहलीत. रस्त्यात कुणी कॅमेरा डोळ्याला लावला की तो थबकायचा. शालूबाई त्याला म्हणाली, तो नाद सोडा आता. तो सोडू शकला नाही. सोडला तर ती सापडणार कशी?

उन्हाळ्यात मंडळाचं प्रदर्शन भरलं. हॉलमध्ये पंखे फिरत होते. एका फोटोपुढं गर्दी होती आणि माणसं आवाज खाली करून बोलत होती. अण्णांनी आकारामला दंडाला धरून पुढं नेलं. "बघ. ह्याला म्हणतात डार्करूममधलं काम. शिधयेनं दोन निगेटिव्ह एकावर एक छापल्यात. पहिलं बक्षीस ह्यालाच."

माहुलीच्या देवळाचं दार होतं. दार काळं आलं होतं. त्या काळोखातून एक म्हातारी बघत होती. काळे केस, उघडे डोळे. दारातल्या घंटेची साखळी तिच्या गालावरून खाली गेली होती, घडी पडावी तशी.

ती त्याच्याकडंच बघत होती.

अण्णा अजून बोलत होते. आकारामला शब्द कळत नव्हते. गर्दीच्या मागं मधुकर शिधये भिंतीला टेकून उभा होता. बक्षीस मिळालेल्या माणसासारखा तो दिसत नव्हता. आकाराम त्याच्याजवळ गेला आणि विचारलं, हे कसं केलंत?

शिधयेनं इकडंतिकडं बघितलं. "तुम्हाला म्हणून सांगतो. मी काही केलेलं नाही. रोल धुतला आणि ती होती. सगळ्या रोलवर होती. माझ्या बायकोच्या, प्रमोदिनीच्या फोटोत, राजवाड्याच्या फोटोत. मी प्रमोदिनीला दाखवलं तर तिनं देवापुढं दिवा लावला. त्या दिवसापासून मी माहुलीला पाऊल टाकलेलं नाही." त्यानं घाम पुसला. "तुम्ही आला होतात ना दारात, तेव्हा पट्टी आत वाळत होती. काय सांगणार तुम्हाला? मग म्हटलं, युक्ती म्हणून भिंतीवर लावावं. चारचौघांनी बघितलं की भीती जाईल."

"गेली?"

"नाही."

आकाराम म्हणाला, "ती माझी आई आहे."

आधी आईवर संपलेल्या त्याच फिल्मवर शिधयेचे फोटो कसे चढले, हे रोलचं सगळं आकारामनं त्याला सांगितलं. घडी, अंगठा, सदरा, डबा. एकदा सांगायला लागल्यावर त्याला थांबता येईना. अण्णा ऐकत होते, इतर दोघं-तिघं ऐकत होते. आकारामला त्याची पर्वा राहिली नव्हती.

"आठवलं," शिधये शेवटी म्हणाला. "त्या डबीची जीभ जरा मुडपल्यासारखी होती. पण सरळ होती. म्हणून घातली."

दुसऱ्या रविवारी आकाराम साताऱ्याला शिधयेच्या घरी गेला. प्रमोदिनीवहिनींनी चहा ठेवला आणि आत निघून गेल्या. शिधयेनं पाकिटातून पट्ट्या काढल्या आणि दोन्ही हातांनी दिल्या. आकाराम खिडकीशी उभा राहिला. निगेटिव्ह वाचायची त्याला सवय होती. काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. आई होती. पण एकाही चौकटीत ती एकटी नव्हती. कुठं तिच्या कपाळावरून टांगा चालला होता. कुठं चौकटीच्या रेघेनं तिचा चेहरा मधोमध कापला होता. एक डोळा ह्या फोटोत, दुसरा पुढच्यात. कुठं नुसते हात. तिचा हसरा चेहरा प्रमोदिनीवहिनींच्या चेहऱ्यात इतका मिसळला होता की कोणाचे दात कोणाचे हे कळत नव्हतं.

मग घाटाच्या चौकटी आल्या. देवळाचं दार. त्याच्या पुढची चौकट बघताना त्याचा हात थांबला.

खाली पाण्यात दोन माणसं होती. पुढचा उंच, हातात मडकं. मागचा पाठमोरा, मान एका बाजूला वळवलेली. आणि त्यांच्यावर, पलीकडच्या काठाच्या गर्द सावलीत, आईचा चेहरा. अख्खा. त्याला कुठंही काही आडवं आलं नव्हतं. डोळे खाली पाण्याकडं.

आकारामनं ती पट्टी उजेडातून काढली. पुन्हा धरली.

शिधये मागून म्हणाला, "हे तुम्ही आहात?"

"मी आणि भाऊ."

शिधये हळू आवाजात म्हणाला, "मला पाठीमागून तुमच्यासारखं वाटलं होतं. हाक मारणार होतो. मग म्हटलं, अशा वेळी कशाला."

म्हणजे त्या सकाळी आई राखेतही होती आणि वर देवळापाशी कॅमेऱ्यातही होती. मधे घाटाच्या थोड्या पायऱ्या होत्या. एक हाक पुरली असती.

शिधयेनं निगेटिव्हचे पैसे घेतले नाहीत. बक्षीस त्यानं नंतर अण्णांकडं परत केलं असं म्हणतात.

आकारामनं ती एकच चौकट छापली. औषधाच्या ताटलीत कोरा कागद बुडवला. आधी पाणी आलं, मग दोन माणसं, आणि सगळ्यांत शेवटी, हळूहळू, ती आली. शालूबाई दाराबाहेर बसून होती. आली का, एवढंच तिनं विचारलं.

फोटो घेऊन तो गावी गेला. लालासाहेबाची बायको बनुबाई हार घेऊन आली. फोटो भिंतीवर लावला की हार घालायची रीत होती. लालासाहेबानं फोटो अंगणात उजेडात नेला. गुडघ्यावर ठेवून बघितला. आधी त्यानं स्वतःची पाठ ओळखली. मग वर बघितलं.

बनुबाईनं हार पुढं केला तेव्हा त्यानं हातानं तिला अडवलं.

"न्हाई. डोळं उगडं हायती."

त्यानं स्वतःच्या हातानं फोटो खिळ्याला लावला. वडिलांच्या शेजारी. एकीकडं मिटत आलेले डोळे आणि चादरीचा उंचवटा. दुसरीकडं पाणी, दोन माणसं, आणि त्यांच्याकडं बघणारी आई. मागं सरकून दोघं भाऊ बघत उभे राहिले.

आकारामला वाटलं, आता भाऊ काहीतरी बोलेल. विकल्याचं बोलणं मागं घेईल, किंवा पुन्हा बोलेल. लालासाहेब फोटोच्या जवळ गेला. पाण्यातल्या मागच्या माणसावर त्यानं बोट ठेवलं.

"तुजं तोंड दिसत न्हाई ह्यात."

"व्हय."

"आई बगतीया तुज्याकडं. आन् तू तिकडं कुटं बगतुयास?" मग तो वळला. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. "तोंड का फिरवलंवतंस रं?"